हागारेच्या विहिरीचं नाव

रत्नागिरीच्या बाजारात पंडितांना लांबून येताना पाहिलं की निम्मे दुकानदार आत सटकत. ते बाटून ख्रिस्ती झाले होते म्हणून नव्हे. म्हणजे तेही कारण होतंच, पण खरी धास्ती होती ती त्यांच्या प्रश्नाची. पोत्यात हात घालून चार दाणे उचलायचे, तळहातावर पसरायचे आणि अगदी अजिजीनं विचारायचं, "याला तुम्ही काय म्हणता?" दुकानदार म्हणे, "तांदूळ." "ते झालंच हो. पण हा तुटका दाणा?" "कणी." "आणि कणीपेक्षाही बारीक असेल तर?" मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, दुकानदाराचा पारा चढत असायचा, आणि हे शांतपणे डोक्यावरची काळी टोपी काढून तिच्या आतल्या चिठ्ठ्यांत आणखी एक चिठ्ठी सारत. विकत मात्र काही घेत नसत.

मासळीबाजारातही जात, नाकाला उपरणं लावून. जन्मात मासा तोंडात घातला नाही, पण पन्नास माशांची नावं टोपीत. एकदा एका मासेवालीनं गंमत म्हणून मनाला येईल ते एक नाव ठोकून दिलं. यांनी ते लिहून घेतलं. दोन वर्षांनी तसलाच मासा घेऊन तिच्यापुढे हजर. "बाई, आपण मागे याचं जे नाव सांगितलंत ते दाभोळकडे कुणालाच ठाऊक नाही. का बरं?" ती बाई कधीच विसरून गेली होती. बाजूच्या एकीनं आठवण दिली तेव्हा सगळा बाजार खो खो हसला. हेही हसले, जरा उशिरानं. मग चिठ्ठी काढून तिच्यावर ‘थट्टा’ असं लिहिलं आणि परत टोपीत ठेवली. मी म्हटलं, "फेकून द्या की." तर म्हणाले, "नाव खोटं आहे, पण बाईनं घडवलंय चांगलं."

गावात त्यांना पंडित म्हणत. मिशनच्या शाळेत संस्कृत शिकवायचे, नव्यानं आलेल्या गोऱ्या साहेबांना मराठी शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळ्याच वेळात, बायबलाच्या जुन्या कराराचं मराठी तपासायचे. मुंबईला एक कमिटी होती. तिच्याकडून छापील पानं आगबोटीनं येत, ती दुरुस्त्यांनी काळी होऊन आगबोटीनं परत जात. इब्री, म्हणजे हिब्रू, भाषा ते कुणा साहेबाकडून शिकले होते आणि पुढे साहेबाच्याही पुढे गेले होते, असं साहेबच म्हणायचा.

मी तेव्हा गावातल्या दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवत होतो. चिपळूणची नोकरी सोडून नुकताच आलेला, बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली, आणि जागा मिळता मिळेना. त्यांच्या घराला एक वेगळी खोली होती, तिला वेगळं दार होतं. मी गेलो. त्यांनी माझं नाव, गाव, जात काहीही विचारलं नाही. दाराला आतून लावायच्या आडण्याकडे बोट दाखवून विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

त्या आवारात एक सुरेख विहीर होती. चिऱ्यांनी बांधलेली, उन्हाळ्यातही चार पुरुष खोल पाणी. पूर्वी सगळी आळी तिच्यावर पाणी भरायची. हे राहायला आले आणि एका दिवसात विहिरीवर कुणी फिरकेनासं झालं. मीही काही फार शूर नव्हतो. आंघोळीला त्या विहिरीचं पाणी घ्यायचं आणि पिण्याची कळशी मात्र तीन घरं पलीकडून आणायची, असा मी नियम केला. आंघोळीला चालतं ते प्यायला का चालत नाही, हे गणिताच्या मास्तराला कुणी विचारलं नाही हे नशीब. ते रोज सकाळी ओटीवर बसून मला कळशी घेऊन जाताना बघत आणि "आज ऊन फार आहे" एवढंच म्हणत. पुढे श्रावणात मला ताप भरला, तेव्हा त्यांनी तांब्या उशाशी आणून ठेवला आणि मी तो घटाघटा प्यालो. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. कळशी मी परत उचलली नाही एवढंच.

बाटले, पण सोवळं सुटलं नव्हतं. स्नान केल्याशिवाय चूल पेटवत नसत आणि दुसऱ्याच्या हातचं खात नसत. त्यामुळे मिशनातली ख्रिस्ती मंडळी म्हणत, हा अजून आमच्यात जेवत नाही, याला आपल्या जन्माचा ताठा आहे. आणि बामणआळी म्हणे, आमच्या लेखी हा मेला. रविवारी देवळात, म्हणजे ख्रिस्ती देवळात, शेवटच्या बाकावर एकटेच बसत. प्रार्थना संपली की लोक घोळक्यानं बाहेर पडत, गप्पा मारत उभे राहत, आणि हे त्या घोळक्याला वळसा घालून घरी येत. आठवडेच्या आठवडे मी सोडून त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि मीही वह्या तपासायच्या म्हणून गप्पांतून लवकर उठायचो. त्याचं मला आज वाईट वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला पहिल्यापासून ठाऊक होती आणि त्यांना मी सांगितली नव्हती. माझं घर संगमेश्वरला. आमच्या आळीत समोरच्या घरी एक बाई आपल्या भावाकडे राहत. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणायचो. त्या म्हणजे पंडितांच्या बायको.

हे बाटले तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. यांच्या घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला आणि रीतसर दिवस घातले. मग आत्यांचं काय? विधवा म्हणावं तर नवरा बाजारात हिंडतोय, सवाष्ण म्हणावं तर त्याचं तेरावं जेवून लोक घरी गेलेले. हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे, आणि विधवांच्या पंगतीला त्या स्वतः बसत नसत. चांगली वीस-बावीस वर्षं त्या अशा मधल्यामध्ये राहिल्या. मी यांच्याकडे खोली घेतल्याचं कळवलं तेव्हा आईनं भावाच्या हातून पत्र लिहवलं : ‘राहायचं तर राहा. पण तिच्यासमोर त्याचं नाव काढू नको.’

मी यांच्यासमोरही तिचं नाव काढलं नाही. मी संगमेश्वरचा, एवढं त्यांना कळलं होतं. कुठल्या आळीतला ते त्यांनी विचारलं नाही. सुटीहून आलो की म्हणायचे, "तिकडे पाऊस कसा आहे?" वैशाखात आलो तरी हेच विचारायचे.

त्या दिवसांत ते एका नावावर अडले होते. उत्पत्तीच्या पुस्तकातलं, एका विहिरीचं नाव. गोष्ट अशी : अब्राम म्हणून एक मोठा माणूस होता. त्याची बायको साराय, तिला मूल नव्हतं, म्हणून तिनंच आपली दासी हागार नवऱ्याला दिली. हागार गरोदर राहिली आणि मग सारायला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली. तिनं छळ मांडला. दासी रानात पळून गेली. तिथं पाण्याच्या काठी देवाचा दूत तिला भेटला आणि त्यानं तिला तिच्या नावानं हाक मारली. त्या पाण्याला तेव्हापासून नाव पडलं बएर-लहाय-रोई. जो जिवंत आहे आणि मला पाहतो, त्याची विहीर.

कमिटीचं म्हणणं, नाव आहे तसंच ठेवा. यांचं म्हणणं, बएर-लहाय-रोई हे मराठी माणसाला कळणार काय, कपाळ? त्या बाईनं रडत रडत जे नाव ठेवलं ते आपल्या बाईला कळलं पाहिजे. तीन वर्षं या एका नावावर पत्रापत्री चालली होती. मला म्हणायचे, "मास्तर, घरच्यांनी, गावानं, सगळ्यांनी टाकलेल्या माणसाला रानात कुणीतरी पाहतं. याच्यापेक्षा मोठं काय आहे त्या पुस्तकात?" असं म्हणताना डोळे भरून यायचे. ते स्वतःला हागार समजत होते, हे मला दिसत होतं. समजायला हरकतही नव्हती.

शब्द आधी माणसांत चालवून पाहायचा, ही त्यांची कामाची पद्धत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तिघांना तरी वाचून दाखवल्याशिवाय ते काही पक्कं करत नसत. ‘चिरंजीव द्रष्ट्याचा कूप’ असं एक नाव त्यांनी केलं होतं; ते मिशनच्या माळ्यानं ऐकून घेतलं आणि हात जोडून "बरं, येतो" म्हणून निघून गेला. मग ‘मला पाहणाऱ्याची विहीर’ केलं. आवारातला गडगा रचायला एक गवंडी आला होता. विहिरीला तो बाव म्हणे. त्याला हे वाचून दाखवलं तर हातातला चिरा खाली ठेवून तो उखडलाच. "बाईमाणूस एकटं बावीवर गेलंय आणि ह्यो मेला बघत बसतो? पंडितानु, अशाला धरून हाणायला होवा!" पंडितांनी ‘पाहणाऱ्या’वर काट मारली. सोळा नावं झाली, सोळांवर काट.

दिवाळीला मी घरी निघालो तेव्हा त्यांनी तो सगळा अध्याय स्वच्छ अक्षरांत लिहून माझ्या हाती दिला. "तिकडच्या बायकांना वाचून दाखवा. ऐकून त्या काय विचारतात ते जसंच्या तसं लिहून आणा. तुम्ही काही समजावून सांगू नका."

भाऊबीज होऊन गेल्यावर एका दुपारी आमच्या पडवीत आई, काकू, शेजारच्या दोघी पोहे पाखडत बसल्या होत्या. मी म्हटलं, एक गोष्ट वाचतो. कुठली, कुणी लिहिलेली, ते सांगितलं नाही. मध्येच आत्या आल्या आणि दाराशी टेकल्या. मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, गोष्टीत काय आहे? नाव तर कुणाचं काढत नाही. मी वाचत राहिलो. साराय नवऱ्याकडे गाऱ्हाणं घेऊन जाते, तिथं आलो. अब्राम तिला म्हणाला, तुझी दासी तुझ्या हाती आहे, तुला योग्य वाटेल ते कर.

आईच्या हातातलं सूप थांबलं. काकूनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कळेना मी काय केलं. पण वाचत होतो ते संपवलं. हागार पळाली, दूत भेटला, विहिरीला नाव पडलं. नावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"मग तो?" आत्यांनी विचारलं.

"तो कोण?"

"तुझ्या हाती आहे, काय ते कर, म्हणाला तो. तो पुढे कधी गेला का त्या विहिरीवर?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "विचारून सांगतो." असा मी शहाणा.

त्या गेल्यावर आईनं मला झाडलं. तेव्हा मला कळलं ते असं. हे बाटल्यावर आत्यांचे वडील रत्नागिरीला मिशनच्या बंगल्यावर गेले होते. आमच्या मुलीचं काय करायचं, म्हणून विचारायला. हे पायरीवर आले आणि म्हणाले, "तुमची मुलगी तुमच्या हाती. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आणि आत निघून गेले. म्हातारा पायी परत आला. आळीत प्रत्येक घरी लोक विचारणार, जावई काय म्हणाला. त्यानं प्रत्येक घरी ते सांगितलं. आमच्या आळीत लहान पोराला सुद्धा ते वाक्य पाठ होतं. लहानपणापासून शिकायला बाहेर राहिलेल्या मला तेवढं नव्हतं.

परत आल्यावर ते ओटीवर वाटच पाहत होते. पाऊस कसा आहे हेही विचारलं नाही.

"नाव कळलं बायकांना?"

"नावावर कुणी बोललंच नाही. एकीनं विचारलं, दासीला बायकोच्या हाती देऊन मोकळा झाला तो पुढे कधी त्या विहिरीवर गेला का."

त्यांचा चेहरा खुलला. असा प्रश्न कमिटीत कुणी विचारला नव्हता. "वा! नाही गेला. त्याचा दुसरा मुलगा पुढे त्या विहिरीजवळ राहिला, असं आहे. पण हा स्वतः गेल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. फार चांगला प्रश्न. कोण बाई या?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण जसंच्या तसं आणा, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"आमच्या समोरच्या घरात राहतात. आम्ही त्यांना आत्या म्हणतो." आणि मी घराचं नाव सांगितलं.

ते उठले. मग आत जाऊन त्या अध्यायाचा मूळ कच्चा खर्डा घेऊन आले. विहिरीच्या नावाच्या जागी खाडाखोडीनं कागद फाटायला आला होता. त्यांनी बोट वर नेलं आणि ‘तुझी दासी तुझ्या हाती आहे’ या ओळीवर ठेवलं. "ही बघा," म्हणाले. "हिच्यावर एक खोड नाही. पहिल्या झटक्यात लिहिली मी ही. मराठी किती सहज आलं, म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं."

त्यानंतरचे तीन आठवडे ते बाजारात गेले नाहीत. कुणाला काही विचारलं नाही. शाळेतून यायचे आणि दिवेलागणीपर्यंत ओटीवर नुसते बसायचे. एकदा कमिटीला लिहिलेलं पत्र टपालात टाकायला त्यांनी माझ्याजवळ उघडंच दिलं. त्यात एवढंच होतं : ‘विहिरीचे नाव मुळाप्रमाणे ठेवावे. ज्या स्त्रीने ते ठेवले तिच्याविषयी मला काही समजलेले नाही, असे माझ्या ध्यानी आले आहे.’ त्यांना जिंकता आली असती अशी एकच लढाई होती, ती त्यांनी अशी सोडून दिली. पत्र टपालाच्या पेटीत टाकताना मला रडू आलं.

मग एका शुक्रवारी म्हणाले, "उद्या मला संगमेश्वरला जायचं आहे. बरोबर याल? मला ते घर ओळखता यायचं नाही."

मोटारीत सगळी वाट ते पुटपुटत होते. एक वाक्य म्हणायचे, मान हलवायचे, पुन्हा वेगळ्या शब्दांत म्हणायचे. ऐन दुपारी आळीत पोचलो. माणसं जेवून पडवीत लवंडलेली. आत्यांचा भाऊ गावाला गेला होता. मी हाक मारली आणि बाजूला झालो. हे अंगणातच उभे राहिले, पायरी चढले नाहीत. टोपी हातात.

आत्या दारात आल्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मला वाटतं दोघांनाही समोरचं माणूस इतकं म्हातारं असेल असं वाटलं नव्हतं.

"मी त्या दिवशी जे बोललो..." त्यांनी सुरुवात केली.

"मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही मला."

त्यांनी घसा खाकरला. "तुमच्या वडिलांना मी जे सांगितलं, ते सांगायला नको होतं."

"काय? ऐकू येत नाही म्हटलं ना."

त्या माणसाचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. वर्गात पोरं उच्छाद मांडत तरी चढत नसे. त्यांनी असहाय्यपणे माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओरडले, "मी चुकलो! तुझ्या वडिलांना मी दारातून परत पाठवलं! तुला टाकली मी! तुझा काही दोष नव्हता! माझं चुकलं!"

पडव्यांतून माणसं उठून बसली. काकू बाहेर आली, समोरचे खोत बाहेर आले, विहिरीवरच्या बायका कळश्या कडेवर घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पंडितांचा आवाज फाटला होता. आत्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवली.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता निघा. मोटार मिळायची नाही." आणि आत गेल्या.

मी त्यांना मोटारीच्या नाक्याकडे पुढे पाठवलं आणि आईला भेटायला घरात शिरलो. मला भडभडून येत होतं. म्हटलं, "आई, आत्यांचे कान कधी गेले गो? दिवाळीत तर..."

"कुणाचे कान?" आई म्हणाली. "तिचे? अरे, मी चुलीशी तुझ्या काकूच्या कानात काय सांगितलं ते ती समोरच्या घरात बसून ऐकते." मग चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तिचा बाप दारोदार सांगत फिरला होता रे. आज आळीनं जावयाच्या तोंडून ऐकलं."

मी धावत नाक्यावर पोचलो तेव्हा मोटार सुटायला आली होती. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर टोपी.  बावनदीचा चढ लागला तेव्हा बसलेल्या घशानं म्हणाले, "बिचारीचे कान गेलेत हो, मास्तर. मी आधी आलो असतो, तर इतकं ओरडावं लागलं नसतं."

"नसतं लागलं," मी म्हटलं.